उलांडीची होडी

कोकणी मुसलमानांच्या इतिहासावर लिहिताना आपल्याकडे अरब व्यापारी हमखास येतात, त्यांची गलबते येतात, शिवाजी महाराजांच्या आरमारातला दौलतखान येतो. १६७९ साली खांदेरीच्या पाण्यात इंग्रजांशी झुंजलेल्या या दर्यावर्दीचा आम्हांलाही अभिमान आहेच. पण आमचे बहुसंख्य पूर्वज ना गलबतांचे मालक होते, ना आरमाराचे सरदार. राजिवडा, कर्ला, साखरतर अशा रत्नागिरीच्या खाडीकाठच्या वस्त्यांतून ते पहाटे निघत, ते हाताने बांधलेल्या छोट्या होडीतून. दालदी म्हणून ज्यांना आपल्याच समाजाने खालचे मानले, त्यांची ही होडी. म्हणूनही असेल, आपल्या इतिहासात तिला जागा मिळाली नाही.

ही उलांडीची होडी. तिचे साहित्य विकत घ्यावे लागे ते फार थोडे. फळ द्यायचा थांबलेला जुना आंबा मिळाला की त्याचे खोड आतून कोरायचे. त्याची डोण तयार झाली की कडेला फळ्या लावून उंची वाढवायची. या फळ्या पुष्कळदा मोडीत निघालेल्या मचव्याच्या असत. दर्याने वर्षानुवर्षे मुरवलेले सागवान नव्या लाकडापेक्षा बरे, असा हिशेब. फळ्यांना भोके पाडून त्या काथ्याच्या दोरीने शिवायच्या, सांध्यात काथ्या ठासायचा, वरून राळ आणि तेल. काजूच्या टरफलांचे काळे तेलही लाकूड राखायला चाले. मग एका बाजूला दोन आडव्या दांड्यांना पांगाऱ्यासारख्या हलक्या लाकडाचा ओंडका बांधायचा. हीच उलांडी. एवढ्याशा अरुंद होडीला लाटेवर कलंडू न देण्याचे सगळे काम ती करते. नांगर म्हणून दगड, शीड म्हणून जुने कापड. खिळा जवळजवळ नाहीच.

खिळा नसणे हे केवळ गरिबीचे लक्षण नव्हे. चौदाव्या शतकात या किनाऱ्याने प्रवास केलेल्या इब्न बतूताने हिंदुस्थान आणि येमेनची जहाजे काथ्याने शिवतात, असे नोंदवून त्याचे कारणही दिले आहे. शिवलेले जहाज खडकावर आदळले तर लवते, लोखंडी खिळ्यांचे फुटते. मोठ्या जहाजांतून ही शिवण पुढे गेली. होडीत मात्र ती टिकली.

आंब्याचेही तसेच. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात, म्हणजे अठराव्या शतकाच्या सुरुवातीला, आरमारासाठी रयतेचे आंबे-फणस तोडू नयेत, ती झाडे रयतेने लेकरांसारखी वाढवलेली असतात, असे बजावले आहे. एखादे झाड अगदीच जीर्ण झाले असेल, तर धन्याला राजी करून, पैसे देऊन ते न्यावे. होडी बांधणाऱ्याला हे सांगायला कोणी अमात्य लागत नव्हता. फळणारा आंबा कोण देणार त्याला?

१९२० साली जेम्स हॉर्नेल या मद्रास इलाख्यातल्या मत्स्य-अधिकाऱ्याने हिंदुस्थानातील होड्यांवर मोठा निबंध प्रसिद्ध केला. आपल्याकडच्या उलांडीचे नाते त्याने थेट पॅसिफिक महासागरातील बेटांवरच्या होड्यांशी जोडू पाहिले. त्याचा तर्क सगळ्यांनी मानला नाही. पण एका परक्या माणसाला या होडीत हजारो मैलांचा इतिहास दिसला, आणि आपल्याला त्यात फक्त दारिद्र्य दिसले, हे खटकते.

उर्दू शिकवताना आम्हांला आणखी एक गोष्ट दिसते. किनाऱ्यावरच्या मराठीत सुकाणू, खलाशी, कलफत, मालीम हे शब्द अरबीतून आले. नाखवा, सारंग, बंदर फारसीतून आले. मालीम म्हणजे जहाजाला वाट दाखवणारा. मूळ शब्द मुअल्लिम, म्हणजे शिक्षक. (आमच्या पेशाला एवढा मान दुसरीकडे कुठे मिळाल्याचे ऐकिवात नाही!) हे सारे शब्द मोठ्या जहाजाचे, बंदराचे, हुकमाचे. पण होडीकडे या आणि पाहा. डोण, वल्हे, काथ्या, उलांडी. इथे अरबी नाही, फारसी नाही. सारे इथल्या मातीचे. आमच्या समाजात वंशावळ अरबस्तानात नेऊन पोचवण्याची हौस मोठी आहे. कलफत करणाऱ्याच्या शब्दात अरबस्तान आहे हे खरे, पण ज्या होडीने घरोघरी चूल पेटवली, तिची भाषा शेजारच्या खारव्याची आणि भंडाऱ्याचीच आहे. दोन्ही शब्द एकाच तोंडात होते.

आता यांत्रिक नौका आणि फायबरच्या होड्या आल्या. त्यांना नावे ठेवण्याचे कारण नाही. फायबर कुजत नाही, दरवर्षी डागडुजीचा खर्च नाही, आणि दर्यावर जाणाऱ्याला जीव प्यारा असतो. आमच्या वर्गातल्या ज्या मुलांचे वडील दर्यावर जातात, त्यांना इंजिनाचे भाग तोंडपाठ आहेत. उलांडी म्हटले की ती एकमेकांकडे पाहतात. म्हणून यंदा त्यांना घरी वडीलधाऱ्यांना विचारून होडीचे शब्द लिहून आणायला सांगितले. वह्या आल्या, त्यांत काही शब्द उर्दू लिपीत, काही देवनागरीत. एकाच अवयवाची राजिवड्यात एक आणि पलीकडच्या काठावर दुसरीच नावे निघाली. कोणते खरे यावरून वर्गात बरीच भांडणे झाली, आणि दोन्ही लिहून घेतली.