वहीचे पान आणि कोर्टाचा हुकूम

लक्ष्मीपूजनाच्या रात्री व्यापारी आपल्या वहीला हळदकुंकू वाहतो. वहीला एवढा मान कशासाठी, असे दीडशे वर्षांपूर्वी सोलापूरकडच्या एखाद्या कुणब्याला विचारले असते, तर तो म्हणाला असता, "बाबा, जमीन माझी खरी, पण ती कोणाकडे राहायची हे वही ठरवते!" कोर्टात कागद दडवणाऱ्याला काय शासन करावे, हा प्रश्न आज वकिलांचा वाटतो. दख्खनमध्ये तो भाकरीचा प्रश्न होता.

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे जमाव सावकारांच्या घरांवर चालून गेला. त्याने मागितले काय, तर कर्जरोखे आणि वह्या. आणि त्यांची होळी केली. कारण उघड होते. रोख्यावर कुणब्याचा अंगठा असे. हिशेब सावकाराच्या कपाटात असे. कोर्ट अंगठा पाही आणि हुकूमनामा देई. मूळ रक्कम किती, फेड किती, व्याजावर व्याज किती चढले, हे विचारायचे कोणी? आमच्या सात रस्त्यावर उभे राहिले तर निदान सात वाटा दिसतात. त्या ऋणकोला एकही दिसत नव्हती.

पुढे सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साह्य कायदा झाला. तो प्रथम पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांना लागू होता. त्याची खुबी अशी, की हिशेब उघड करा असे पक्षकाराने म्हणण्याची वाट कोर्टाने पाहायची नव्हती. व्यवहाराच्या आरंभापासूनचा इतिहास न्यायाधीशानेच उकरून काढायचा. ऋणकोने "देणे कबूल" म्हटले, तरी ती कबुली खरी व समजून-उमजून दिलेली आहे अशी खात्री पटल्याखेरीज चौकशी टाळता येत नसे. पावती, वार्षिक हिशेब किंवा पासबुक देण्याचे नाकारणाऱ्या धनकोला शंभर रुपयांपर्यंत दंड होता. १८८७ मध्ये न्यायमूर्ती रानडे या कायद्याखालचे विशेष न्यायाधीश झाले.

इतर दाव्यांसाठी निराळी वाट होती. कागद दडवणाऱ्याच्या हातातील पुरावा त्याच्याच विरुद्ध असेल, असे अनुमान करण्याची मुभा १८७२ च्या पुरावा कायद्याने न्यायाधीशाला दिली. १९०८ च्या दिवाणी संहितेचा अकरावा आदेश त्याहून कडक आहे. दस्तऐवज दाखवण्याचा हुकूम मोडला, तर वादीचा दावा फेटाळता येतो. प्रतिवादीचा बचाव काढून टाकता येतो, म्हणजे जणू तो कोर्टात आलाच नाही! १९७६ च्या दुरुस्तीनंतर असा फेटाळलेला दावा त्याच कारणावरून पुन्हा लावताही येत नाही. १९४६ च्या मुंबई सावकारी कायद्याने मधली वाट काढली. हिशेब न ठेवणाऱ्या सावकाराचे मुद्दल बुडवायचे नाही. मात्र व्याज सगळे किंवा काही भाग आणि दाव्याचा खर्च नामंजूर करायचा. चूक वहीत, म्हणून शिक्षाही वहीतच!

परंतु हत्यार जितके धारदार, तितके ते कोणाच्या हातात आहे हे पाहावे लागते. कागद दडवणारा वेगळा आणि ज्याच्याजवळ कागदच नाही तो वेगळा. घरातील ट्रंक पुरात गेली, वडिलांनी पावती कधी मागितलीच नाही, अशा माणसाचा बचाव काढून टाकणे म्हणजे १८७५ पूर्वीचाच न्याय. १९७८ मध्ये बब्बर शिलाई यंत्र कंपनीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हेच बजावले, की हे टोकाचे शासन हट्टाने व हेतुपुरस्सर हुकूम मोडणाऱ्यासाठीच आहे.

शंभर वर्षांत कायदा एवढे शिकला. आपण शिकायचे ते सोपे आहे. पैसे दिले की पावती मागून घ्यावी, आणि समोरचा कपाळाला आठ्या घालू लागला, तर दोनदा मागावी.