पाद्री ओबेरलिन आणि त्यांच्या विणकामाच्या शाळा

आपल्या मंडळाची बालवाडी सुरू झाली तेव्हा आळीतल्या काही जणी म्हणाल्या होत्या, "पोरे सांभाळायची तर त्यात काय मोठेसे? त्यासाठी बाईला पैसे कशाला द्यायचे?" पोरे सांभाळणे हे काम आहे की नाही, हा प्रश्न काही नवा नाही. अडीचशे वर्षांपूर्वी फ्रान्समधल्या एका डोंगरी मुलखात तो असाच पुढे आला होता. तिथल्या एका पाद्र्याची आणि त्याच्याबरोबर राबलेल्या बायकांची हकीगत या वर्धापनदिनाच्या निमित्ताने भगिनींपुढे ठेवते.

या पाद्र्याचे नाव योहान फ्रीडरिश ओबेरलिन. जन्म ३१ ऑगस्ट १७४० चा, स्ट्रासबुर्ग शहरातला. वडील शिक्षक होते. शिक्षण पुरे झाल्यावर १७६७ साली, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, ते वाल्डर्सबाख या खेड्यात पाद्री म्हणून गेले. तिथे त्यांनी ५९ वर्षे काढली आणि तिथेच देह ठेवला. दुसरीकडे बढतीसाठी ते गेले नाहीत.

तो मुलूख म्हणजे व्होज डोंगरातले एक खोरे. जर्मन भाषेत त्याचे नाव 'दगडांचे खोरे' अशा अर्थाचे आहे, आणि जमीनही नावासारखीच. हिवाळ्यात बर्फ, रस्ते नाहीत, नदीवर धड पूल नाही. पिकले तरी विकायला न्यायचे कसे? पाचही गावे दारिद्र्याने गांजलेली. ओबेरलिन यांच्या आधीचे पाद्री स्टुबर यांनी तिथे शाळांचे थोडे काम सुरू केले होते. ते पुढे नेण्याचे ओबेरलिन यांनी मनावर घेतले.

त्यांनी गावकऱ्यांना सांगितले, आपण स्वतः रस्ता करू. लोकांनी माना हलवल्या. तेव्हा हे पाद्रीबाबा खांद्यावर कुदळ टाकून निघाले आणि खणू लागले. धर्मगुरू दगड फोडतो आहे हे पाहून लोकांनाही घरी बसवेना. रस्ता झाला, ब्रूश नदीवर पूल झाला. पुढे बटाट्याचे चांगले बियाणे आणले, फळझाडे लावली, गरजूंसाठी कर्जफंड काढला. रविवारी देवळात प्रवचन आणि इतर दिवशी शेतात काम, असा त्यांचा क्रम असे.

प्रॉटेस्टंट पंथात पाद्र्याला लग्न करता येते. ओबेरलिन यांनी १७६८ साली स्ट्रासबुर्गच्या मादलेन सालोमे विटर या मुलीशी लग्न केले. प्राध्यापकाची ती मुलगी शहर सोडून त्या दगडांच्या खोऱ्यात आली. साडेचौदा वर्षांच्या संसारात तिला नऊ मुले झाली. घर, येणारे-जाणारे, गरीबगुरीब हे सारे सांभाळून ती नवऱ्याच्या शाळांच्या कामातही लक्ष घाली. ज्यांनी संसार केला आहे त्यांना यातले कष्ट सांगायला नकोत.

आता त्या शाळांविषयी. मोठ्या मुलांच्या शाळा होत्या, पण आईबाप शेतावर गेले की लहान पोरे वाऱ्यावर असत. बेलमाँ गावात सारा बान्झे नावाची एक तरुण मुलगी अशा पोरांना आपल्या घरी जमवून विणकाम शिकवी. ओबेरलिन यांच्या हे कानावर आले. साराच्या वडिलांना मात्र ते पसंत नव्हते. मुलगी फुकट वेळ घालवते असे त्यांना वाटे. ओबेरलिन यांनी त्यांना सेवेचे महात्म्य सांगत बसण्यापेक्षा साराला रीतसर मोबदला ठरवून दिला आणि कामावर नेमले. ही गोष्ट १७६९ च्या सुमाराची. मला या साऱ्या हकीगतीत हीच गोष्ट सर्वांत मोठी वाटते.

मग एकेका गावात अशा खोल्या निघाल्या. थंडीच्या दिवसांत शेगडीने ऊब दिलेली एक मोठी खोली, त्यात मुले गोल बसलेली. मोठी मुले विणत, लहान खेळत. बाई त्यांना गोष्टी सांगे, झाडापाल्यांची ओळख करून देई, नकाशे दाखवी, गाणी व प्रार्थना म्हणवून घेई. रॉबर्ट ओवेन यांची न्यू लॅनार्कची बालशाळा १८१६ ची आणि जर्मनीतल्या फ्रोबेल यांची १८३७ ची. या खोल्या त्यांच्याही कितीतरी आधीच्या. सारा मात्र १७७४ साली, ऐन तारुण्यातच वारली.

१७८३ च्या जानेवारीत ओबेरलिन यांच्या पत्नीचेही निधन झाले. पदरी सात मुले, आणि बाबांचे वय बेचाळीस. पुढे कित्येक वर्षे ती स्वप्नात येऊन आपल्याशी बोलते असे ते सांगत. त्यांनी दुसरे लग्न केले नाही. घर सावरले ते लुईझ शेप्लर हिने. बेलफोस गावची ही गरीब शेतकऱ्याची पोर पंधरा-सोळाव्या वर्षी त्यांच्या घरी कामाला आली होती. मालकीण गेली तेव्हा ती विशीचीही नव्हती. तिने सातही मुलांचे आईच्या मायेने केले, आणि शिवाय बर्फ तुडवीत गावोगावच्या बालशाळा चालवल्या. १७९३ साली तिने ओबेरलिन यांना पत्र लिहून विनवले, की मला यापुढे पगार देऊ नका, मुलगी माना.

तो काळ फ्रेंच राज्यक्रांतीचा होता. पाद्र्यांचे वेतन बंद झाले, देवळे बंद झाली. थोरला मुलगा १७९३ सालीच सैन्यात कामी आला. १७९४ साली ओबेरलिन यांनाही काही दिवस अटक झाली. अशा वेळी घरातून एक पगार कमी व्हावा, हा लुईझचा विचार असेल का? मला तरी तसे वाटते.

दिवस पालटले. १८१३ च्या सुमारास बासेलच्या लग्राँ कुटुंबाने फिती विणण्याचा धंदा त्या खोऱ्यात आणला आणि घरोघर काम मिळाले. १८१९ साली फ्रान्सच्या राजाने ओबेरलिन यांना 'लेजिअन ऑफ ऑनर' हा मान दिला. १ जून १८२६ रोजी, पंच्याऐंशीव्या वर्षी, ते वारले. फूदे गावात त्यांची कबर आहे. लोक त्यांना 'पापा ओबेरलिन' म्हणत.

मरतेसमयी त्यांनी लुईझला आपल्या मुलांच्या हवाली केले होते. मुलांनी तिला वारसाहक्काचा वाटा देऊ केला. तिने तो घेतला नाही. आपल्या नावापुढे ओबेरलिन हे नाव लावण्याची परवानगी तेवढी मागितली. १८२९ साली फ्रेंच अकादमीने तिला सद्गुणाचे मोठे पारितोषिक दिले. ती रक्कमही तिने बालशाळांनाच लावली. १८३७ साली ती वारली. योगायोग असा, की अमेरिकेत पाद्रीबाबांच्या नावाने निघालेल्या ओबेरलिन कॉलेजने त्याच वर्षी मुलींना पदवीच्या वर्गात प्रवेश दिला.

आपल्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला खेड्यातल्या मुलांसाठी बालशिक्षणाचे काम मांडले. आज गावोगाव अंगणवाड्या आहेत. पण तिथल्या सेविकांना जे मिळते त्याला आजही पगार न म्हणता 'मानधन' म्हणतात. लुईझने पगार नाकारला तो आपल्या खुशीने. तिचा दाखला देऊन दुसरीचा पगार कुणी कापू नये. पाद्रीबाबांनी साराला काय दिले, तेही ध्यानात ठेवावे.

मंडळाच्या कार्यकारिणीला माझी एवढीच विनंती आहे. वार्षिक हिशेबात देणगीदारांच्या नावांबरोबर बालवाडीच्या बाईंचे आणि मदतनीस ताईंचेही नाव छापावे, आणि त्यांचा पगार महिन्याच्या महिन्याला, कुणाकडे मागायला न लावता द्यावा. वर्धापनदिनाचा हार आपण त्यांच्याही गळ्यात घालू या.