करोडगिरीची सरहद्द : धावडा परिसरातील एक लुप्त सीमारेषा

भोकरदन तालुक्यातील धावडा हे गाव १९८१ साली नव्याने निर्माण झालेल्या जालना जिल्ह्यात मोडते. जवळच बुलढाणा जिल्हा लागतो. आज या दोन जिल्ह्यांच्या सीमेवर प्रवाशास कोणी हटकीत नाही. परंतु १९४७ पर्यंत याच टापूत निजामाचे हैदराबाद संस्थान संपत असे व इंग्रजी अंमल सुरू होत असे. दोन्हीकडची भाषा एक, सोयरीक एक, पीकपाणीही एकच. वेगळी होती ती जकात.

ही रेषा एका दिवसात आखली गेली नाही. असईच्या लढाईनंतर, १८०३ च्या सुर्जी-अंजनगावच्या तहाने, शिंद्यांनी अजिंठ्याच्या डोंगराच्या दक्षिणेकडील जालन्यासह आपला मुलूख सोडला व तो पुढे निजामाकडे गेला. डोंगरापलीकडील खानदेश १८१८ साली इंग्रजांच्या हाती आला. १८५३ च्या तहाने वऱ्हाडचा कारभारही त्यांच्याकडे गेल्यावर सीमेचे चित्र पुरे झाले. येथे एक विलक्षण गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. वऱ्हाडवरील निजामाचे सार्वभौमत्व १९०२ व १९३६ या दोन्ही करारांत मान्य केलेले होते. म्हणजे धावड्याकडून बुलढाण्याकडे निघालेला कापसाचा व्यापारी कायद्याच्या भाषेत निजामाच्याच एका मुलखातून दुसऱ्यात जात होता. तरीही त्याच्या वाटेवर करोडगिरी होतीच.

‘करोडगिरी’ हा शब्दही मनोरंजक आहे. अकबराच्या महसुली व्यवस्थेत एक कोटी दाम वसुलीच्या प्रदेशावर नेमलेला अधिकारी ‘करोडी’. त्या नावाचे अवशेष हैदराबादेत जकातखात्याच्या रूपाने विसाव्या शतकापर्यंत टिकले. कंपनी सरकारशी १८०२ साली झालेल्या व्यापारी तहात शेकडा ५ हा दर ठरला होता. पहिल्या सालारजंगाच्या कारभारात राज्यांतर्गत राहदारी बंद होत गेली. प्रजेच्या दृष्टीने ही मोठीच सुधारणा. परंतु तिच्यामुळे जकातीचा सारा भार सरहद्दीवर एकवटला. आयातीप्रमाणे निर्यातीवरही, विशेषतः कापूस व तेलबिया यांवर, कर असे. सीमेवरच्या शेतकऱ्यास हे जाचक होते, कारण जवळची पेठ पलीकडे असली म्हणजे ती त्याच्यापुरती परदेशी ठरे.

त्यात चलनाची भर. संस्थानात ‘हाली’ रुपया, इंग्रजी मुलखात ‘कलदार’. सर्वमान्य हिशेबाने १०० कलदारांस ११६ रुपये १० आणे ८ पै हाली पडत; म्हणजे सात हालींस सहा कलदार.

माणसाच्या कागदपत्रांची गोष्ट मात्र याच्या अगदी उलट होती. खानदेशात किंवा वऱ्हाडात जाण्यासाठी पारपत्र लागत नसे. मुलकी दाखल्याचा संबंध संस्थानातील नोकरीशी होता, सीमा ओलांडण्याशी नव्हता. हाच मनुष्य हजला किंवा विलायतेला निघाला, तर ‘ब्रिटिश-संरक्षित व्यक्ती’ या नात्याने त्याला इंग्रज सरकारचेच पारपत्र घ्यावे लागे. थोडक्यात, जगाच्या लेखी ही सीमा अस्तित्वात नव्हती. ती दिसे केवळ नाक्यावरच्या कारकुनाला. संस्थानी सार्वभौमत्वाची चर्चा करणाऱ्या ग्रंथांत तह व फर्माने यांना जेवढी जागा मिळते, तेवढी या कारकुनाला मिळत नाही, हे मला उणे वाटते.

१९४७ नंतर या सुप्त सीमेला अकस्मात धार आली. २९ नोव्हेंबर १९४७ च्या ‘जैसे थे’ करारानंतर थोड्याच दिवसांत निजाम सरकारने दोन वटहुकूम काढले : एकाने मौल्यवान धातू भारतात नेण्यावर निर्बंध आले, दुसऱ्याने भारतीय चलन संस्थानात अवैध ठरले. भारताकडून मालाची आवक आवळली गेली. हैदराबादने तीस आर्थिक कोंडी म्हटले. याच काळात सरहद्दीवरील छावण्यांतून स्टेट काँग्रेसचे स्वयंसेवक करोडगिरीच्या नाक्यांवर हल्ले करू लागले. ठाण्यांइतकेच नाकेही लक्ष्य झाले, यात नवल नाही. सामान्य रयतेला राजसत्ता जेथे रोज भेटत असे, अशा जागांपैकी नाका ही एक होती.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थानी सत्ता संपली, परंतु तिच्याबरोबर जकातीचा प्रश्न निकालात निघाला नाही. १९५० च्या राज्यघटनेतील ३०६ व्या अनुच्छेदाने ‘ब’ वर्गातील राज्यांना, केंद्राशी करार करून, जास्तीत जास्त दहा वर्षे असे सीमाकर चालू ठेवण्याची मुभा दिली होती. या करांवर त्या राज्यांचे उत्पन्न कितपत अवलंबून होते, हे त्यावरून दिसते. सातव्या घटनादुरुस्तीने हा अनुच्छेद १ नोव्हेंबर १९५६ रोजी रद्द झाला. त्याच दिवशी मराठवाडा व विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात समाविष्ट झाले, आणि धावड्याजवळची ही रेषा दोन जिल्ह्यांमधील हद्द म्हणून उरली.