चार लाल, पाच राखाडी

'ॲलिस इन वंडरलँड'वाला लुईस कॅरल म्हणजे खरा चार्ल्स डॉजसन, ऑक्सफर्डच्या क्राइस्ट चर्च कॉलेजातला गणिताचा मास्तर, हे बऱ्याच जणांना माहीत असतं. पण १८८१ साली शिकवण्याची नोकरी सोडल्यावर त्याने जे केलं ते मला जास्त भारी वाटतं. पठ्ठ्या ऑक्सफर्डमधल्या मुलींच्या शाळा-कॉलेजात जाऊन तर्कशास्त्र शिकवायला लागला. तेही चक्क खेळातून!

१८८७ साली मॅकमिलनने त्याचं 'द गेम ऑफ लॉजिक' बाजारात आणलं. सोबत पुठ्ठ्याचा एक पट आणि नऊ सोंगट्या, चार लाल आणि पाच राखाडी. शिवाय किमान एक खेळाडू लागेल, असंही त्याने गमतीत लिहून ठेवलं होतं.

खेळ सोपा आहे. कॅरलने उदाहरणाला केक घेतले होते, आपण बटाटेवडे घेऊ. एका चौकोनाची चार घरं करा. वरची दोन ताज्या वड्यांची, खालची दोन शिळ्या. डावीकडची चविष्ट, उजवीकडची बेचव. लाल सोंगटी म्हणजे 'इथे निदान एक वडा आहे', राखाडी म्हणजे 'इथे एकही नाही'. आता 'सगळे ताजे वडे चविष्ट असतात' हे वाक्य मांडा. वर डावीकडे लाल, वर उजवीकडे राखाडी. झालं! आणि शिळ्या वड्यांचं काय? ती घरं रिकामीच ठेवायची, कारण वाक्य त्यांच्याबद्दल काही बोललेलंच नाही. शिळे वडे बेचव असणारच, हे आपण आपल्या मनाने घुसडतो.

मला वाटतं खेळाची खरी गंमत इथेच आहे. रिकामं घर म्हणजे 'नाही' नव्हे, 'माहीत नाही'. डेटाबेसमध्ये शून्य आणि नल यांची गल्लत करून रात्र घालवलेल्या मंडळींना हे वेगळं सांगायला नको. तीन गुणधर्म असले की आत आणखी एक चौकोन काढायचा आणि दोन विधानांवरून तिसरं निघतं का ते पटावर बघायचं. इंजिनियरिंगला आपण जो के-मॅप घोकला, तो कार्नॉने १९५३ साली मांडला. दोन व्हेरिएबलचा के-मॅप आणि कॅरलचा छोटा पट शेजारी ठेवून बघा, भाऊ-भाऊच वाटतात.

१८९६ साली त्याचं 'सिम्बॉलिक लॉजिक' आलं. वर्तमानपत्रं, भाषणं, अगदी चर्चमधली प्रवचनंसुद्धा, यातले फसवे युक्तिवाद पकडता यावेत म्हणून हे शिका, असं त्याचं सांगणं होतं.

आता गोष्टीतला बोचरा भाग. त्याच १८९६ साली ऑक्सफर्डने मुलींना पदवी द्यावी का, यावर वाद पेटला होता. या मास्तरांनी पत्रक काढून विरोध केला आणि मुलींसाठी वेगळं विद्यापीठ काढा असं सुचवलं. ज्या मुलींना सोंगट्या हातात देऊन युक्तिवाद तपासायला शिकवलं, त्यांच्याच वाटेत हा अडसर! ऑक्सफर्डची पदवी बायकांना मिळाली ती १९२० साली. ते बघायला कॅरल नव्हता, १८९८ सालीच तो गेला.

म्हणजे तर्कशास्त्र कुचकामी? मुळीच नाही. पट एवढंच सांगतो की अमुक धरलं तर तमुक निघतं. मुळात काय धरलंय ते खरं की खोटं, हे कुठलीच सोंगटी सांगत नाही. ते आपलं आपणच तपासायचं असतं, समोर बसलेला मास्तर कितीही हुशार असला तरी.