रेखांकनाचे मास्तर : लक्ष्मणराव किर्लोस्कर

बेळगावच्या किर्लोस्कर रोडवरून आपण नित्य ये-जा करतो. या नावासरशी डोळ्यांपुढे उभे राहतात ते नांगर, पंप आणि इंजिने. परंतु हे नाव ज्यांच्यामुळे प्रसिद्धीस आले ते लक्ष्मणराव किर्लोस्कर कारखानदार होण्यापूर्वी तंत्रशाळेतील शिक्षक होते, ही गोष्ट आता मागे पडली आहे. ग्रंथालयाच्या शताब्दीनिमित्त आपल्या भागातील कर्तृत्ववान पुरुषांचे स्मरण होत असताना त्यांच्या चरित्राच्या या बाजूकडे वाचकांचे लक्ष वेधावे, एवढाच या लेखाचा हेतू.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. वडील काशिनाथपंत वेदान्ताचे व्यासंगी. मुलाचा ओढा मात्र पोथीपेक्षा चित्राकडे आणि यंत्राकडे. वडिलांच्या मनाविरुद्ध १८८५ मध्ये ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. थोरले बंधू रामूअण्णा पाठीशी उभे राहिले म्हणूनच हे घडू शकले. पण चित्रकलेच्या मार्गात निसर्गानेच अडसर घातला. काही रंगांतील भेद लक्ष्मणरावांच्या डोळ्यांना उमगत नव्हता. चित्रकार होऊ पाहणाऱ्या तरुणाला याहून मोठा आघात कोणता? मात्र रंग ओळखू न येणाऱ्या त्या डोळ्यांना रेषेची जाण उत्तम होती. त्यांनी रंगाची पेटी मिटली आणि यांत्रिक रेखांकन हाती घेतले.

याच विद्येच्या बळावर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये त्यांना दरमहा ४५ रुपयांवर साहाय्यक शिक्षकाची जागा मिळाली. १८८७ साली स्थापन झालेली ही संस्था आज वीरमाता जिजाबाईंच्या नावाने ओळखली जाते. लक्ष्मणराव केवळ फळ्यावर आकृत्या काढून थांबणारे शिक्षक नव्हते. कागदावर रेखलेला भाग लोखंडात कसा उतरतो हे ते संस्थेच्या कर्मशाळेत स्वतः हात काळे करून शिकत. विद्यार्थ्यांना शिकविता शिकविता त्यांचे स्वतःचे शिक्षण चालले होते.

मुंबईत सायकल पाहून त्यांना व्यवसायाची कल्पना सुचली. ते मुंबईहून सायकली पाठवीत आणि बेळगावात रामूअण्णा त्या विकीत. एका सायकलीची किंमत सातशे ते हजार रुपये, आणि ती चालवायला शिकविण्याचे पंधरा रुपये वेगळे! येथेही विक्रीच्या जोडीला शिकवणी होतीच. १८८८ साल हा किर्लोस्कर उद्योगाचा आरंभ मानला जातो, तो बेळगावातील या सायकलीच्या दुकानावरून.

पुढे संस्थेत बढतीची वेळ आली तेव्हा लक्ष्मणरावांना डावलून ती जागा एका अँग्लो-इंडियन सहकाऱ्यास देण्यात आली. हा अपमान त्यांनी गिळला नाही. नोकरी सोडून ते बेळगावास परतले. कडबा कापण्याची यंत्रे आणि लोखंडी नांगर तयार होऊ लागले. पण लोखंडाच्या स्पर्शाने जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिला नांगर विकला जाण्यास सुमारे दोन वर्षे लागली. वर्गात न पटलेली गोष्ट शिक्षक पुनःपुन्हा समजावून सांगतो, त्याच चिकाटीने त्यांनी नांगराचा उपयोग शेतकऱ्यांच्या गळी उतरविला.

शहराच्या नव्या वसाहतीसाठी कारखान्याची जागा सोडावी लागली, तेव्हा औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी साहाय्यास धावून आले. त्यांनी कुंडल रोड स्टेशनाजवळ बत्तीस एकर जमीन आणि दहा हजार रुपयांचे बिनव्याजी कर्ज दिले. जमीन निवडुंगाने व्यापलेली, सापांनी भरलेली. तेथे १० मार्च १९१० रोजी किर्लोस्करवाडीचा पाया घातला गेला.

लक्ष्मणरावांमधील शिक्षक खरा दिसतो तो येथे. शाळा अर्धवट सुटलेले अनंतराव फळणीकर त्यांच्या हाताखाली कल्पक अभियंता झाले. शिक्षा भोगून आलेल्या माणसांवर त्यांनी पहाऱ्याचे काम विश्वासाने सोपविले. वसाहतीत अस्पृश्यतेला थारा दिला नाही. माणसाच्या अंगचा गुण पाहावा, त्याचे प्रमाणपत्र अगर पूर्वेतिहास पाहू नये, ही त्यांची रीत होती. अधिकाराची जागा गुणावर न मिळता जन्मावर मिळते, याचा चटका त्यांनी सोसला होता. आपल्या वाडीत तो दुसऱ्या कोणास बसू नये याची काळजी त्यांनी घेतली, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

याच वाडीतून १९२० मध्ये त्यांचे पुतणे शंकरराव यांनी ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केले. कारखान्याचे हे पत्र पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक झाले आणि गावोगावच्या वाचनालयांतील मेजांवर विराजमान झाले. आपल्यासारख्या ग्रंथालयांचे लक्ष्मणरावांशी असलेले नाते ते हेच.

२६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणरावांचे निधन झाले. त्यांच्या जन्मशताब्दीस, १९६९ मध्ये, भारतीय टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले. उद्योगपती म्हणून त्यांचा गौरव झाला, तो यथायोग्यच. परंतु ४५ रुपयांची मास्तरकी सुटली तरी त्यांचे शिकविणे सुटले नाही. केवळ वर्गाची जागा बदलली. किर्लोस्कर रोडवरून जाताना या मास्तरांचीही आठवण व्हावी.