आंगोव्हिल-ओ-प्लँ

फ्रान्सच्या नॉर्मंडी प्रदेशातील, मांश जिल्ह्यातील लहानसे खेडे. कारांताँ शहराच्या उत्तरेस काही किलोमीटरवर, ‘यूटा’ या सांकेतिक नावाने ओळखल्या जाणाऱ्या किनाऱ्यामागच्या सखल भागात वसलेले. २०१६ पासून कारांताँ-ले-मारे नगरपालिकेत समाविष्ट. गावाची ओळख आहे ती त्याच्या मध्ययुगीन दगडी चर्चमुळे.

हे चर्च संत कॉस्मास व संत डेमियन या भावांचे. रोग्यांकडून मोबदला न घेणारे वैद्य म्हणून ख्रिस्ती परंपरा त्यांना मानते. दुसऱ्या महायुद्धात मित्रराष्ट्रांनी नॉर्मंडीवर चढाई केली तेव्हा, ६ जून १९४४ च्या पहाटे, अमेरिकेच्या १०१व्या छत्रीधारी डिव्हिजनचे सैनिक या परिसरात उतरले. त्यांच्यातले रॉबर्ट राइट आणि केनेथ मूर हे विशीच्या आसपासचे दोन परिचारक. त्यांनी या चर्चमध्ये प्रथमोपचार केंद्र उघडले आणि दारावर रेडक्रॉसची खूण लावली. लढाईत गाव या हातातून त्या हातात जात राहिले. अमेरिकन तुकडीला मागे हटावे लागले, तेव्हाही हे दोघे जखमींना सोडून गेले नाहीत. जर्मन अधिकारी आत आला. आमच्या माणसांनाही पाहाल का, एवढेच त्याने विचारले, आणि त्यांनी होकार दिला. आत शस्त्र आणायचे नाही, हा नियम मात्र सर्वांना सारखा होता. उखळी तोफेचा एक गोळा छप्पर फोडून आत पडला, पण फुटला नाही. तडकलेली फरशी अजून तशीच आहे. तीन दिवसांत सुमारे ८० जखमींवर उपचार झाले. त्यांत गावातले एक मूलही होते.

जखमींना निजवले ते लाकडी बाकांवर. लाकडात मुरलेले रक्ताचे काळपट डाग आजही दिसतात. नॉर्मंडीत युद्धस्मारके गावोगाव आहेत. पण रंधा न मारता, रंग न देता राखलेल्या या बाकांइतके खरे स्मारक क्वचितच आढळेल. लढाईत खिडक्यांच्या काचा फुटल्या होत्या. नव्या रंगीत काचांपैकी एक खिडकी परिचारकांना आणि एक छत्रीधारी सैनिकांना अर्पण केलेली आहे. बाहेर राइट आणि मूर यांच्या नावाचा स्मृतिस्तंभ आहे.

दोघांनाही ‘सिल्व्हर स्टार’ हे शौर्यपदक मिळाले. राइट २०१३ मध्ये, तर मूर २०१४ मध्ये वारले. राइट यांच्या अस्थी त्यांच्या इच्छेनुसार या चर्चच्या आवारातच पुरल्या आहेत. वरच्या साध्या दगडावर ‘आर. ई. डब्ल्यू.’ ही आद्याक्षरे कोरलेली आहेत.