मोटारवाहू ट्रेलरसाठी एसयूव्हीची तयारी

दुसरी मोटार लादलेला ट्रेलर एसयूव्हीमागे जोडून हमरस्त्यावरून सुखरूप नेता यावा, म्हणून करावी लागणारी वजनांची मोजदाद आणि हिच (वाहन व ट्रेलर जोडणारा सांधा), ब्रेक, टायर व पट्टे यांची जुळणी. हा प्रकार मुख्यतः उत्तर अमेरिकेत रुळलेला आहे. शर्यतीच्या ट्रॅकवर पळवायची किंवा हौसेने जपलेली जुनी मोटार तिथले मालक घरच्याच वाहनामागे लावून नेतात. भारतात हे काम सहसा सपाट पाठीच्या रिकव्हरी ट्रककडे जाते. महाराष्ट्रात सर्रास दिसणारी ट्रॅक्टरमागची उसाची ट्रॉली हे वेगळे प्रकरण आहे. ती इतकी सावकाश चालते, की ताशी ९० किमी वेगाला उद्भवणारे प्रश्न तिच्या वाट्याला येत नाहीत.

वाहन : या कामाला स्वतंत्र चासीवर बांधलेली, लांब व्हीलबेसची एसयूव्ही बरी. शेवरले सबर्बन, शेवरले टाहो, फोर्ड एक्स्पिडिशन, टोयोटा लँड क्रूझर ही त्यांतली नेहमीची नावे. पुढच्या व मागच्या चाकांमधले अंतर जितके जास्त, तितका मागचा ट्रेलर वाहनाला कमी हलवतो. कारखान्यातूनच टोइंग पॅकेज घेतलेले असावे. त्यात ट्रान्समिशनचे तेल थंड ठेवणारा कूलर, हिच रिसीव्हर (हिच ज्यात बसते ती वाहनामागची चौकोनी नळी) आणि ट्रेलरच्या तारांसाठी सात पिनांचे सॉकेट मिळते. नंतर बाजारातून रिसीव्हर बसवून घेता येतो, पण त्यामुळे कंपनीने ठरवलेली क्षमता वाढत नाही.

ओढण्याच्या क्षमतेचा आकडा जाहिरातीत ठळक असतो. २०१८ च्या एक्स्पिडिशनला विशेष पॅकेजसह तो ९,३०० पौंड, म्हणजे सुमारे ४,२०० किलो होता. पूर्वी प्रत्येक कंपनी हा आकडा आपापल्या पद्धतीने काढी. एसएई जे२८०७ या मानकाने त्याला एक शिस्त आणली. त्यातली सर्वांत कठीण चाचणी अ‍ॅरिझोनातल्या डेव्हिस डॅम घाटावर आधारलेली आहे. सुमारे १८ किमीची सलग चढण, बाहेर किमान १०० अंश फॅरनहाइट तापमान आणि एसी पूर्ण चालू, अशा स्थितीत वाहनाने वेग टिकवायचा असतो. चाचणी कडक आहे यात वाद नाही. मात्र तिच्यात वाहनात चालक आणि एक प्रवासी एवढीच माणसे धरलेली असतात. कुटुंब, सामान आणि अवजारांची पेटी यांचा हिशेब मालकाने स्वतः करायचा असतो, आणि घोळ होतो तो नेमका इथेच.

वजनांचा हिशेब : ट्रेलरच्या एकूण वजनापैकी १० ते १५ टक्के भार हिचच्या बॉलवर, म्हणजे ट्रेलरचे नाक ज्यावर टेकते त्या गोळ्यावर, उभा दाबला गेला पाहिजे. तो याहून कमी असला तर ट्रेलर वेगात डोलू लागतो. फार झाला तर एसयूव्हीचे बूड खाली बसते, पुढची चाके हलकी होतात आणि स्टिअरिंगची पकड सुटते. हा उभा भार वाहनाच्या पेलोडमधूनच, म्हणजे वाहनावर लादता येणाऱ्या वजनातूनच, वजा होतो. चालकाच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेल्या पट्टीवर माणसे आणि सामान मिळून किती वजन चालेल ते लिहिलेले असते. जाहिरातीतल्या आकड्यापेक्षा ती पट्टी जास्त खरी.

उदाहरण घेऊ. उघडा पोलादी ट्रेलर ९०० किलो, त्यावरची मोटार १,५०० किलो, जादा चाके व अवजारे १५० किलो. एकूण २,५५० किलो. बॉलवर १२ टक्के धरले तर सुमारे ३०५ किलो. एसयूव्हीच्या पट्टीवर पेलोड ७२५ किलो लिहिला आहे असे समजू. हिचचे सामान ४० किलो, चार माणसे ३२० आणि बॅगा १०० किलो धरल्या, तर बेरीज ७६५ वर जाते. ओढण्याची क्षमता चार टनांची, ओढायचे अडीच टन, तरी वाहन ४० किलोंनी जास्त लादले गेले. अशा वेळी इंजिनच्या ताकदीचे कौतुक उपयोगाचे नाही. एकाने दुसऱ्या गाडीने यावे.

बॉलवरचा भार कमीजास्त करायचा तो ट्रेलरवरची मोटार पुढे-मागे सरकवून. कपलरपासून, म्हणजे बॉलवर बसणाऱ्या ट्रेलरच्या टोकापासून, ट्रेलरच्या अ‍ॅक्सलांच्या मध्यापर्यंत साधारण सव्वाचार मीटर अंतर असेल, तर १,५०० किलोंची मोटार केवळ १० सेंमी पुढे घेतल्याने बॉलवर सुमारे ३५ किलो वाढतात. म्हणून योग्य जागा एकदा सापडली की ट्रेलरच्या फळीवर चाकाच्या रेषेत रंगाची खूण करून ठेवतात. इंजिन मागे असलेली मोटार, उदाहरणार्थ पोर्शे ९११, बरेच जण उलटी चढवतात. वजनाचा बोजा त्यामुळे हिचकडे येतो.

अंदाजावर थांबू नये. अमेरिकेत ट्रकथांब्यांवरच्या वजनकाट्यांना चाके उभी करायचे वेगवेगळे तक्ते असतात. पुढचा अ‍ॅक्सल, मागचा अ‍ॅक्सल आणि ट्रेलर यांची वजने एकाच वेळी वेगवेगळी मिळतात. एकदा ट्रेलरसह आणि एकदा ट्रेलर सोडून वजन केले, की काय कुठे गेले ते कागदावर दिसते.

हिच : दोन इंचांचा चौकोनी रिसीव्हर या कामासाठी प्रचलित आहे. बॉल दोन इंचांचा किंवा दोन पूर्णांक पाच सोळांश इंचांचा असतो, आणि कपलरवर कोरलेल्या मापाशी तो जुळलाच पाहिजे. मोठ्या कपलरात लहान बॉल बसल्यासारखा वाटतो, खटकाही लागतो आणि पहिल्या मोठ्या खड्ड्यात कपलर उसळून सुटतो. जोडल्यावर ट्रेलर जमिनीला समांतर किंवा नाकाकडे किंचित झुकलेला असावा. सुरक्षा साखळ्या कपलरखाली फुली मारून अडकवतात. कपलर निसटलाच तर तो रस्त्यावर न आपटता त्यांच्या झोळीत पडतो.

भार मोठा असेल तर भार वाटणारी हिच लावतात. तिच्या दोन स्प्रिंगदांड्या तरफेसारख्या काम करतात आणि मागे दबलेल्या वजनातला काही भाग पुढच्या अ‍ॅक्सलवर व ट्रेलरच्या चाकांवर परत ढकलतात. जुळणी टेपने तपासता येते. ट्रेलर जोडण्यापूर्वी पुढच्या चाकाच्या कमानीची जमिनीपासून उंची मोजावी, दांड्यांशिवाय जोडून पुन्हा मोजावी, मग दांड्या ताणून तिसऱ्यांदा मोजावी. वाढलेल्या उंचीतला किती भाग परत खाली आला पाहिजे, ते वाहनाच्या पुस्तिकेत दिलेले असते. मागच्या सस्पेन्शनमध्ये हवेचे फुगे बसवणे हा याला पर्याय नव्हे. त्यांनी बूड उचलले जाते, पण पुढच्या चाकांना गेलेले वजन परत मिळत नाही.

ब्रेक : अडीच टनांचा ट्रेलर एकट्या एसयूव्हीच्या ब्रेकवर सोडणे हा वेडेपणा आहे. अमेरिकेतल्या अनेक राज्यांत ३,००० पौंडांपुढच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक कायद्यानेच लागतात. बहुतेक मोटारवाहू ट्रेलरांवर विजेवर चालणारे ड्रम ब्रेक असतात आणि त्यांना चालकाजवळ कंट्रोलर लागतो. वाहन जितक्या जोराने थांबते तितकाच करंट सोडणारा, प्रपोर्शनल जातीचा कंट्रोलर घ्यावा. चार पिनांच्या सॉकेटात ब्रेकची तारच नसते, म्हणून सात पिनांचे हवे. कंट्रोलर लावताना मोकळ्या सपाट जागेत ताशी ४० किमीला फक्त त्याची हातकळ दाबून पाहतात. ट्रेलरची चाके लॉक होण्याच्या बेताला येतील इतके बळ वाढवायचे, मग एक पायरी उतरवायचे. लादलेल्या आणि रिकाम्या ट्रेलरची जुळणी एक नसते. ट्रेलर सुटल्यास ब्रेक आपोआप लावणारा ब्रेकअवे स्विच आणि त्याची बॅटरीही तपासावी. ती बॅटरी हमखास विसरली जाते.

टायर व पट्टे : ट्रेलरचे टायर बाजूवर लिहिलेल्या कमाल दाबापर्यंत भरतात. खास ट्रेलरसाठीच्या एसटी जातीच्या टायरवर वेगाची वेगळी खूण नसेल तर मर्यादा ताशी ६५ मैल समजावी. कॅलिफोर्नियात तर ट्रेलर ओढणाऱ्या कोणत्याही वाहनाला ताशी ५५ मैलांचीच मुभा आहे. मोटार चार जागी बांधतात. दोन इंच रुंद रॅचेट पट्ट्याची कामाची क्षमता साधारण ३,३३३ पौंड असते. तुटण्याची क्षमता याहून मोठी छापलेली असते, तिच्यावर विसंबू नये. पट्टा चाकावरून घेतला तर मोटारीचे सस्पेन्शन मोकळे हलते आणि पट्टा सैल पडत नाही. काही किलोमीटर गेल्यावर थांबून पट्टे आणि चाकांचे नट पुन्हा आवळायचे असतात.

युरोपात मापे वेगळी आहेत. बॉल ५० मिमीचा, ब्रेक विजेऐवजी ट्रेलरच्या रेट्यावर चालणारे, बॉलवरचा भार कमी आणि वेगही कमी. ब्रिटनमध्ये १६ डिसेंबर २०२१ पासून साध्या मोटारीच्या परवान्यावर ३,५०० किलोंपर्यंतचा ट्रेलर ओढता येतो. मात्र अमेरिकी टक्केवारी तिथल्या हिचला लावू नये. हिचवर व वाहनावर कोरलेली मर्यादाच पाळावी.

हेलकावे : उतारावर किंवा मोठा ट्रक शेजारून गेल्यावर ट्रेलर डोलू लागला, तर पाय ब्रेककडे जातो. तो आवरावा. अ‍ॅक्सिलरेटर सोडावा, स्टिअरिंग सरळ धरावे आणि कंट्रोलरची हातकळ दाबून फक्त ट्रेलरचे ब्रेक लावावेत, म्हणजे ट्रेलर मागून ताणला जाऊन सरळ होतो. उतारावर टो-हॉल मोड (ओझे ओढताना वापरायची गिअरबॉक्सची जुळणी) लावून गिअर आधीच खाली घेतलेला असेल तर वेग मुळात एवढा चढत नाही. नव्या एसयूव्हींतली इलेक्ट्रॉनिक यंत्रणा एकेका चाकाला ब्रेक लावून डोलणे शमवते, पण चुकीच्या लादणीवरचा तो इलाज नाही. हेलकावे एकदा आले की पहिल्या सुरक्षित जागी थांबावे, मोटार ट्रेलरवर थोडी पुढे घ्यावी, पट्टे नव्याने आवळावेत आणि उरलेला रस्ता कमी वेगाने कापावा.